मादाम क्युरी : प्रयोगशाळेतून रुग्णालयात गेलेलं भौतिकशास्त्र



७ नोव्हेंबर हा मादाम मेरी क्युरी यांचा जन्मदिवस. दोन नोबेल मिळवणाऱ्या शास्त्रज्ञ म्हणून आपण मुलांना त्यांची ओळख करून देतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. पण २०१३ पासून हाच दिवस जगभर वैद्यकीय भौतिकशास्त्र दिन म्हणून पाळला जातो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. भौतिकशास्त्राचा आणि दवाखान्याचा काय संबंध, असा प्रश्न पालकही विचारतात. त्याचं उत्तर मादाम क्युरींच्या आयुष्यातच आहे. चला तर मग, त्यांचं चरित्र आज जरा या बाजूने पाहू.

बालपण आणि शिक्षणाची ओढ

मारिया स्क्लोदोव्स्का हिचा जन्म १८६७ साली पोलंडमधील वॉर्सा शहरात झाला. पाच भावंडांत ती सर्वात धाकटी. वडील गणित व भौतिकशास्त्राचे शिक्षक, तर आई मुलींची शाळा चालवायची. म्हणजे घर आपल्यासारख्याच शिक्षकांचं! पोलंडच्या या भागावर तेव्हा रशियाच्या झारची सत्ता होती. थोरली बहीण तापाने गेली आणि मारिया दहा वर्षांची असताना आईही क्षयाने गेली. तरीही शालेय शिक्षण तिनं सुवर्णपदक मिळवून पूर्ण केलं.

पुढे काय? तिथल्या विद्यापीठात मुलींना प्रवेशच नव्हता. पॅरिसला जायचं तर पैसा नव्हता. मग मारिया आणि तिची बहीण ब्रोन्या यांनी आपसात ठरवलं. आधी ब्रोन्यानं पॅरिसला जाऊन डॉक्टर व्हायचं, मारियानं नोकरी करून तिला पैसे पाठवायचे. नंतर ब्रोन्यानं मारियाला बोलवायचं. त्यासाठी मारिया एका खेड्यातल्या श्रीमंत कुटुंबात मुलांना शिकवायला राहिली. तिथेच फावल्या वेळात ती शेतमजुरांच्या मुलांना पोलिश भाषा लिहायला-वाचायला शिकवायची. झारच्या राजवटीत हा गुन्हा होता, तरी तिनं ते केलं.

१८९१ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, ती पॅरिसच्या सोर्बोन विद्यापीठात दाखल झाली. आजकाल एखाद्या मुलाचं एक वर्ष वाया गेलं की घरात सुतक पडल्यासारखं वातावरण होतं. इथे तर उच्च शिक्षणाची सुरुवातच चोविसाव्या वर्षी झाली! माळ्यावरची थंडगार खोली, खाण्यापिण्याची आबाळ आणि परकी भाषा. तरी १८९३ मध्ये त्या भौतिकशास्त्रात पहिल्या आल्या आणि पुढच्याच वर्षी गणितात दुसऱ्या. मायदेशाकडून त्यांना एक शिष्यवृत्ती मिळाली होती. कमाई सुरू झाल्यावर ती रक्कम त्यांनी परत केली, म्हणजे दुसऱ्या गरजू विद्यार्थ्याला ती मिळावी.

मोजमापातून लागलेला शोध

१८९५ मध्ये पिअर क्युरी यांच्याशी त्यांचं लग्न झालं. त्याच वर्षी जर्मनीत राँटजेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला. १८९६ मध्ये बेक्वेरेल यांना युरेनियममधून आपोआप किरण बाहेर पडताना आढळले. मेरी यांनी डॉक्टरेटसाठी हाच विषय घेतला.

हे किरण हवेतून गेले की हवेतून अगदी किंचित वीज वाहू लागते. पिअर आणि त्यांच्या भावाने बनवलेल्या नाजूक उपकरणाने मेरी ही वीज मोजत बसायच्या. पिचब्लेंड नावाच्या खनिजात जेवढं युरेनियम होतं, त्या मानाने मोजमाप फारच जास्त येत होतं. त्यांनी पुन्हा पुन्हा मोजलं. आकडा तोच! याचा अर्थ खनिजात आणखी काहीतरी दडलं होतं. १८९८ मध्ये जुलैत पोलोनियम आणि डिसेंबरात रेडियम अशा दोन नव्या मूलद्रव्यांची घोषणा झाली. त्यानंतर एका गळक्या शेडमध्ये कित्येक टन खनिज उकळून, ढवळून, गाळून १९०२ मध्ये हाती आला फक्त ग्रॅमचा दहावा भाग रेडियम क्षार. या शोधाचं पेटंट मात्र त्यांनी घेतलं नाही.

१९०३ मध्ये डॉक्टरेट आणि त्याच वर्षी भौतिकशास्त्राचं नोबेल. १९०६ मध्ये पिअर घोडागाडीखाली सापडून गेले. दोन लहान मुली पदरात होत्या. मेरी यांनी पतीचा वर्ग हाती घेतला आणि सोर्बोनमध्ये शिकवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. १९११ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

शिक्षिका मादाम क्युरी

आपल्यासाठी एक खास गोष्ट. १९०० पासून त्या सेव्ह्र येथे, भावी शिक्षिका घडवणाऱ्या संस्थेत भौतिकशास्त्र शिकवत होत्या. तिथे नुसतं फळ्यावर न शिकवता त्यांनी प्रयोगांवर भर दिला. पुढे काही प्राध्यापकांनी मिळून आपल्या मुलांना आळीपाळीने स्वतःच शिकवायचं ठरवलं. त्यात दहा वर्षांच्या आसपासच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवायचं काम मादाम क्युरींकडे होतं. दोनदा नोबेल मिळवणारी व्यक्ती लहान मुलांच्या वर्गातही रमत होती!

डॉक्टरांना हवा होता आकडा

रेडियममुळे त्वचा भाजते, हे पिअर यांनी स्वतःच्या हातावर प्रयोग करून पाहिलं होतं. जे निरोगी त्वचेला मारतं ते कर्करोगाच्या गाठीलाही मारेल, असं डॉक्टरांना वाटलं आणि उपचार सुरू झाले. पण रेडियम किती वापरायचं? किती वेळ ठेवायचं? एका दवाखान्यातलं रेडियम दुसऱ्याइतकंच शुद्ध आहे, हे कोण सांगणार? कमी पडलं तर गाठ राहते, जास्त झालं तर माणूस भाजतो. इथे औषधाच्या चमच्यासारखं एक नेमकं माप हवं होतं.

ते माप मादाम क्युरींनी तयार केलं. १९११ मध्ये त्यांनी सुमारे २२ मिलिग्रॅम शुद्ध रेडियम क्षार काचेच्या छोट्या नळीत बंद केला आणि तोच आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून स्वीकारला गेला. दुकानातलं वजन जसं प्रमाणित वजनाशी ताडून पाहतात, तसं जगभरातलं रेडियम आता त्याच्याशी ताडता येऊ लागलं. वैद्यकीय भौतिकशास्त्राचा गाभा हाच आहे.

युद्ध आणि फिरती क्ष-किरण गाडी

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं. जखमी सैनिकांच्या शरीरात गोळी नेमकी कुठे आहे हे न कळल्यामुळे डॉक्टर चाचपडत शस्त्रक्रिया करत. क्ष-किरण यंत्रं होती, पण मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत. मादाम क्युरींनी देणगीदारांकडून मोटारगाड्या मिळवल्या. त्यात क्ष-किरण नळी, काळे पडदे, छायाचित्रांचं साहित्य आणि गाडीच्याच इंजिनावर चालणारा डायनॅमो बसवला. यंत्र थेट रणांगणाजवळ पोहोचलं. त्यासाठी त्या स्वतः शरीररचना शिकल्या आणि गाडी चालवायलाही शिकल्या. तेव्हा त्यांचं वय सत्तेचाळीसच्या आसपास होतं. सतरा वर्षांची मुलगी इरिन सोबत होती.

अशा सुमारे २० गाड्या आणि सुमारे २०० स्थिर क्ष-किरण केंद्रं उभी राहिली. पण यंत्र चालवणार कोण? मग त्यांनी सुमारे १५० स्त्रियांना प्रशिक्षण दिलं. अभ्यासक्रमात वीज, क्ष-किरण, शरीररचना आणि प्रत्यक्ष काम असं सगळं होतं. आज वैद्यकीय भौतिकशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी साधारण हेच विषय कितीतरी खोलात शिकतात.

न मोजलेला किरण

आता मन जड करणारी गोष्ट. ज्यांनी जगाला रेडियम मोजायला शिकवलं, त्यांच्या स्वतःच्या शरीरात किती किरण गेले याची मोजणी कुणीच केली नाही. बोटं भाजलेली, डोळ्यांत मोतीबिंदू, सततचा थकवा. ४ जुलै १९३४ रोजी रक्ताच्या गंभीर आजाराने, अप्लास्टिक अ‍ॅनिमियाने, त्यांचं निधन झालं. त्यांच्या वह्या आजही किरणोत्सर्गी आहेत आणि शिशाच्या पेट्यांत ठेवाव्या लागतात.

आज रुग्णालयातल्या किरणोपचार विभागात काम करणाऱ्यांच्या छातीवर एक छोटा बिल्ला असतो. त्यांना किती किरणोत्सर्ग लागला हे त्यावरून ठरावीक काळाने तपासतात. क्युरी दांपत्याच्या काळात असा बिल्ला नव्हता. त्यामुळे तो बिल्ला पाहिला की मला मादाम क्युरींचीच आठवण होते.

आपल्या मुलांसाठी वाट

कर्करोगाच्या रुग्णाला किरणोपचार द्यायचे हे डॉक्टर ठरवतात. पण गाठीला पुरेसा डोस मिळावा आणि शेजारच्या फुप्फुसाला, मणक्याला कमीत कमी लागावा, याचं गणित वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ करतो. यंत्र ठरवलेलाच डोस देतंय ना, हे तोच तपासतो. खोलीच्या भिंती किती जाड हव्यात हेही त्याच्याच हिशोबावर ठरतं. रुग्णाला बहुतेक वेळा हा माणूस दिसतही नाही.

या वाटेवर नीट परीक्षा नाही. भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी., मग एम.एस्सी. आणि त्यानंतर किरणोत्सर्ग भौतिकशास्त्राचा पदव्युत्तर डिप्लोमा, अशी एक सरळ वाट आहे. असा डिप्लोमा आपल्याच मुंबईत, भाभा अणुसंशोधन केंद्रात, १९६२ पासून चालतो. काही विद्यापीठांत वैद्यकीय भौतिकशास्त्रातच एम.एस्सी. करता येते. शिवाय रुग्णालयात प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यावा लागतो. प्रवेशाचे नियम त्या-त्या वर्षी संस्थेच्या जाहिरातीत नीट पाहून घ्यावेत.

म्हणून पालकहो, मुलीला भौतिकशास्त्र आवडतं पण डॉक्टर व्हायचं नाही, किंवा जमलं नाही, तर रुग्णसेवेचं दार बंद झालं असं समजू नका.

वर्गात करून पाहा

जाड पुठ्ठ्याला १ सेंटिमीटरचं चौकोनी भोक पाडा. मोबाइलचा दिवा त्यापासून १० सेंटिमीटरवर धरा. समोर चौकटीचा कागद ठेवा. कागद दिव्यापासून २० सेंटिमीटरवर असेल तर साधारण ४ चौकटी उजळतात, ३० वर नेला तर ९. प्रकाश तेवढाच, पण जास्त जागेत विखुरला. म्हणजे अंतर दुप्पट झालं की एका चौकटीला चौथाच भाग मिळतो. किरणोत्सर्गापासून दूर उभं राहिल्याने संरक्षण का मिळतं, ते मुलांना इथेच समजतं.

मुलांना चौकटी स्वतः मोजू द्या. उत्तर आधी सांगू नका. आकडा जुळला नाही तर पुन्हा मोजायला लावा. मादाम क्युरींनीही तेच केलं होतं.