क्षणाची गती

सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेल्या विज्जडविड नावाच्या नगरात शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४ मध्ये, भास्कराचार्यांचा जन्म झाला. वडील महेश्वर हे विद्वान ज्योतिषी होते. तेच भास्करांचे गुरू झाले. वयाच्या ३६ व्या वर्षी भास्करांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा महान ग्रंथ पूर्ण केला. त्यातील ‘लीलावती’ हा भाग सर्वांना ठाऊक आहे. परंतु ग्रहगणिताच्या भागात त्यांची प्रतिभा विशेष तेजाने प्रकट झाली.

आजच्या व उद्याच्या सूर्योदयी चंद्र कोठे आहे ते पाहून, त्या दोन स्थानांमधील अंतरावरून त्याची दिवसाची गती काढीत. पण चंद्र एकसारखा चालत नाही. कधी तो दिवसात सुमारे १२ अंश पुढे जातो, तर कधी १४ अंशांहून अधिक. एका दिवसातही त्याची गती पालटत असते. मग तिथी नेमकी कधी संपेल, हे सांगताना दिवसाची गती कशी पुरावी? लहानशी चूकही भास्करांना सहन होईना. तिथीचा अंत जवळ असेल, तर चंद्राची त्याच क्षणाची गती घ्यावी, असे त्यांनी ठरविले. तिला त्यांनी ‘तात्कालिक गती’ म्हटले आणि ती काढण्याची रीतही दिली.

आणखी एक मर्म त्यांनी ओळखले. ग्रहाच्या मध्यम स्थानात करावयाची दुरुस्ती जेथे सर्वांत मोठी होते, तेथे तिची वाढ शून्य असते. वर फेकलेला चेंडू शिखरावर पोचताच क्षणभर वर जाणे थांबतो, तसेच हे होय.

पुढे सतराव्या शतकात न्यूटन व लाइब्निट्स यांनी या विषयाचे संपूर्ण शास्त्र उभारले. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी विद्यार्थी गतीची समीकरणे सोडवितात, तेव्हा क्षणाच्या गतीचाच विचार करीत असतात.

वृद्धपणीही आचार्यांची लेखणी थांबली नाही. ११८३ मध्ये त्यांनी ‘करणकुतूहल’ रचले. त्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा राजज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून त्याने चाळीसगावजवळील पाटण येथे मठ स्थापिला. १२०७ च्या शिलालेखात ही हकीकत कोरलेली आहे; त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. त्या मठातील अध्यापन कधीच थांबले. पण आचार्यांचा क्षणाविषयीचा प्रश्न आजही प्रत्येक वर्गात नव्याने विचारला जातो.