चहाचार्य रिक्यू

जपानमध्ये पाहुण्याला चहा देणे ही एक साधना मानली जाते. हिरव्या चहाची बारीक पूड वाडग्यात घालून तीवर ऊन पाणी ओततात आणि बांबूच्या लहानशा रवीने ती घुसळतात. या रीतीला साधेपणाचे वळण लावणारे थोर आचार्य म्हणजे सेन नो रिक्यू होत.

रिक्यूंचा जन्म १५२२ साली साकाई बंदरातील एका व्यापारी कुटुंबात झाला. तरुणपणी त्यांनी ताकेनो जोओ या गुरूंजवळ चहाविधीचे शिक्षण घेतले. त्या काळी जपानमधील सरदारांची आपापसांत युद्धे चालली होती. धनिक लोक चीनहून आणलेली मौल्यवान भांडी मांडून चहाच्या निमित्ताने आपले वैभव मिरवीत. पूड काढण्याचा मानाचा चमचा हस्तिदंती असे.

रिक्यूंना हा थाट रुचला नाही. त्यांनी बांबूची साधी चीप घेतली, शेकून तिचे टोक वाकविले आणि ती चाकूने तासून चमचा घडविला. आधीचे आचार्य बांबूची गाठ टाळीत किंवा दांड्याच्या टोकाशी ठेवीत. रिक्यूंनी ती मधोमध राखली. जे वैगुण्य म्हणून लपविले जाई, तेच त्यांनी सौंदर्य म्हणून पुढे ठेवले.

पुढे जपानचे सत्ताधीश झालेल्या तोयोतोमी हिदेयोशींनी रिक्यूंना आपले चहाचार्य नेमले. १५८५ साली राजवाड्यातील चहाच्या प्रसंगी सम्राटांकडून त्यांना रिक्यू हे नाव मिळाले. हिदेयोशींनी सोन्याने मढविलेली चहाची खोली करविली होती. रिक्यूंना मात्र मातीच्या भिंतींची, दोन चटयांएवढी खोली पुरे वाटे. तिचे दार इतके ठेंगणे असे, की सरदारालाही तलवार बाहेर ठेवून, मान लववून आत यावे लागे. तशी एक खोली क्योतोजवळ यामाझाकी येथे आजही जतन केलेली आहे.

सत्तेची मर्जी फार काळ टिकत नाही. क्योतोतील दाइतोकुजी मंदिराच्या दरवाजावर रिक्यूंचा लाकडी पुतळा बसविला होता. त्याच्या पायांखालून आपणांस जावे लागते, याचा हिदेयोशींना राग आला, असे सांगतात. १५९१ साली त्यांनी रिक्यूंना साकाईस धाडून दिले. भीतीने कोणी निरोपाला आले नाही. फुरुता ओरिबे आणि होसोकावा सान्साई हे दोन शिष्य मात्र योदो नदीच्या काठी येऊन उभे राहिले.

लवकरच रिक्यूंना क्योतोस परत बोलावून देहान्ताची आज्ञा झाली. तेव्हा त्यांचे वय सत्तरीच्या घरात होते. अखेरच्या चहासाठी त्यांनी स्वतः एक बांबूचा चमचा तासला आणि तो ओरिबेंना दिला, अशी परंपरा आहे. त्याचे नाव ‘नामिदा’, म्हणजे अश्रू. ओरिबेंनी त्यासाठी एक नळी बनविली, तिला चौकोनी खिडकी पाडली आणि त्या खिडकीतून दिसणाऱ्या चमच्यालाच गुरूंचे स्मृतिचिन्ह मानून ते त्यापुढे नतमस्तक होत.

हिदेयोशींची ती सोन्याची खोली काळाच्या ओघात नाहीशी झाली. बांबूचा तो चमचा नागोया येथील तोकुगावा कला संग्रहालयात चारशेहून अधिक वर्षांनंतरही जपून ठेवलेला आहे.