आजचे चिंतन : पाणी तहान पाहतं, जात नाही



आजचं वाचन ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायातलं. भक्ताची लक्षणं सांगताना माऊली पाण्याचा दृष्टांत देतात. गाय आली तरी पाणी तिची तहान भागवतं आणि वाघ आला तरी त्याचीही. एकाला अमृत, दुसऱ्याला विष, असं पाण्याला करताच येत नाही. पहाटे इथं घोडेगावात हे वाचून पोथी मिटली आणि सावित्रीबाई फुले आठवल्या. आज १० मार्च, त्यांचा स्मृतिदिन.

सावित्रीबाई शिक्षिका म्हणून सगळ्यांना माहीत आहेत. माझा जन्म गेला नर्सिंगमध्ये, म्हणून मला त्या रुग्णसेविका म्हणून जास्त जवळच्या वाटतात.

जन्म ३ जानेवारी १८३१, सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा. लहानपणीच लग्न होऊन त्या पुण्यात जोतीरावांच्या घरी आल्या, तिथेच लिहायला-वाचायला शिकल्या. १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. शाळेत जाताना अंगावर शेण-चिखल यायचा, तरी जाणं थांबलं नाही. पुढे फसवल्या गेलेल्या विधवांच्या बाळंतपणासाठी १८६३ मध्ये त्या दोघांनी घर उघडलं. तिथेच जन्मलेल्या एका बाळाला त्यांनी दत्तक घेतलं, तेच डॉक्टर यशवंत. १८७७ च्या दुष्काळात बाई आपल्या जुन्नर भागातही आल्या होत्या. ओतूरहून त्यांनी जोतीरावांना लिहिलेलं पत्र आजही उपलब्ध आहे. ओतूरला गेले की मला हे हटकून आठवतं.

१८९० मध्ये जोतीराव गेले. बाईंनी स्वतः टिटवं धरलं आणि सत्यशोधक समाजाचं काम पुढे चालवलं. त्या पोथी-पुरोहिताच्या वाटेनं गेल्या नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण भक्ताचं जे लक्षण मी रोज वाचते, ते त्यांनी जगून दाखवलं.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढे पुण्यात पोचला. गाठीचा ताप म्हणायचे त्याला. थंडी वाजून सणसणून ताप, मग जांघेत, काखेत नाहीतर मानेला गाठ. जंतू १८९४ सालीच सापडला होता, पण तो उंदरावरच्या पिसवेतून माणसाकडे येतो हे १८९८ पर्यंत कळलं नव्हतं. हाफकीन यांची लस मुंबईत नुकतीच तयार होत होती. गुण देणारं औषध तर पुढे जवळजवळ पन्नास वर्षांनी मिळालं. म्हणजे तेव्हा रोग्यासाठी उरत होती ती फक्त शुश्रूषा. घोट घोट पाणी पाजणं, तापात अंग पुसणं, तोंड आणि अंथरूण स्वच्छ ठेवणं, कूस बदलणं आणि जवळ थांबणं.

बाईंनी यशवंतांना बोलावून घेतलं. पुण्याबाहेर हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना सुरू झाला. सहासष्ट वर्षांच्या बाई स्वतः रोग्यांना आणायला जायच्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या गायकवाडांच्या मुलाला प्लेग झाल्याचं कळलं, तेव्हा त्याला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या. ज्याची सावलीही लोक टाळायचे, तो मुलगा त्यांच्या पाठीला बिलगून आला. मग बाईंनाच प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. यशवंतही पुढे प्लेगनंच गेले.

आता माझं सांगते. नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. घाटावरचे एक आदिवासी बाबा वॉर्डात होते. खूप खोकला, अंगात त्राण नाही, बरोबर कुणी नाही. मला टीबीची धास्ती. औषध द्यायचे, पाणी हाताला येईल असं ठेवायचे आणि लांब व्हायचे. दर दोन तासांनी कूस बदलायची हे मला परीक्षेत पूर्ण मार्क देऊन गेलेलं उत्तर होतं. दाबल्यावरही पांढरी न पडणारी लाल कातडी म्हणजे जखमेची सुरुवात, हेही पाठ होतं. पण पाहायला जवळ जावं लागतं ना! तिसऱ्या दिवशी चादर काढली तर माकडहाडावर जखम. बाबा काही बोलले नाहीत. मी ड्रेसिंग करताना तेच मला म्हणाले, बाई, जेवलीस का. ती जखम रोगाची नव्हती, माझ्या भीतीची होती.

भीती वाटणं पाप नाही, माऊली. तोंडाला मास्क लावावा, हात साबणानं धुवावेत, खिडकी उघडी ठेवावी. आज आपल्याकडे हे सगळं आहे, बाईंकडे यातलं किती होतं? काळजी घेऊनही जवळ जाता येतं. लांबून मात्र सेवा होत नाही.

आजचा नेम : घरात, शेजारी कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर आज पाच मिनिटं त्यांच्याजवळ बसा. पाठ, कंबर, टाचा पाहा. लाल दिसलं तर तिथं चोळू नका, त्या जागेवरचा भार काढा आणि नर्सताईंना दाखवा. चमच्यानं पाणी पाजा, पण आधी डोकं उचलून बसतं करा.

आणि पाजताना पाण्यासारखं व्हा.

रामकृष्ण हरी.