समुद्राचे दार राखणारा : सरखेल कान्होजी आंग्रे

मी केदारखेड्याचा. आमच्या गावाला पाणी म्हणजे पूर्णा नदी. पावसाळ्यात ती दुथडी भरून वाहते आणि उन्हाळ्यात तिच्या वाळूत खड्डे खणून पाणी काढावे लागते. समुद्र आमच्यापासून चारशे किलोमीटर दूर. माझ्या आजोबांनी तो जन्मात पाहिला नाही, वडिलांनीही नाही. अशा गावच्या मुलाने दर्यावर्दी पुरुषावर लिहावे, हे वाचकांना थोडे विचित्र वाटेल. परंतु मला समुद्राकडे नेले ते आमच्याच भागातल्या एका रणभूमीने.

आमच्या गावाहून फार दूर नाही अशी असई आहे. केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात 23 सप्टेंबर 1803 रोजी तेथे शिंदे-भोसल्यांच्या फौजा आणि वेलस्लीचे इंग्रज सैन्य यांची घनघोर लढाई झाली आणि मराठ्यांचा पराभव झाला. लहानपणी आजोबांबरोबर त्या शिवारातून जाताना मी त्यांना विचारले होते, की इतक्या दूरचे इंग्रज आपल्या ज्वारी-कपाशीच्या रानापर्यंत आले तरी कसे? आजोबा म्हणाले, समुद्रातून आले. समुद्राला राखण कोणाची होती, हा माझा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. ते मला गेल्या हिवाळ्यात, महाविद्यालयाच्या सहलीत अलिबागला मिळाले.

सकाळी ओहोटी होती. आम्ही ओल्या वाळूतून चालत कुलाबा किल्ल्यात गेलो. चहूबाजूंनी खारे पाणी आणि आत गोड्या पाण्याचा साठा! परतताना गावातील एका समाधीपुढे थांबलो. ती समाधी कान्होजी आंग्रे यांची. त्या क्षणी मला वाटले, समुद्राचा राखणदार तो हाच.

कान्होजींचा जन्म 1669 च्या सुमाराचा. घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ; आंगरवाडी या गावावरून पुढे आंग्रे झाले. वडील तुकोजी शिवछत्रपतींच्या चाकरीत सुवर्णदुर्गावर होते. त्यामुळे इतर मुले विटीदांडू खेळत त्या वयात हा मुलगा भरती-ओहोटी, वारे आणि गलबते यांच्या सहवासात वाढला. कोळी-भंडारी खलाशांची बोली आणि त्यांची समुद्राची जाण त्याने तेथेच आत्मसात केली. पुढे हीच माणसे त्याच्या आरमाराचा कणा झाली.

1689 साली संभाजी महाराजांचा वध झाला, रायगड पडला आणि राजाराम महाराज दूर जिंजीला गेले. स्वराज्याचा हा सर्वांत अंधारा काळ. किनाऱ्यावर जंजिऱ्याचा सिद्दी मोगलांच्या वतीने एकेक किल्ला गिळत होता. अशा वेळी तरुण कान्होजींनी सुवर्णदुर्ग तर राखलाच, शिवाय गेलेली ठाणीही हळूहळू परत मिळविली. 1698 मध्ये आरमाराचे प्रमुख सिधोजी गुजर वारले आणि त्यांच्यानंतर मराठी आरमाराची सूत्रे कान्होजींच्या हाती आली. सरखेल हा किताब त्यांच्या नावाशी कायमचा जोडला गेला. कुलाबा ही त्यांची राजधानी आणि विजयदुर्ग हे दक्षिणेकडील बळकट ठाणे.

त्यांच्या आरमाराची रचना समजून घेण्यासारखी आहे. युरोपियनांची जहाजे उंच, जड आणि दोन्ही कुशींना तोफा लावलेली. तशी जहाजे बांधण्याचा हट्ट कान्होजींनी धरला नाही. त्यांची गुराबे दोन-तीन डोलकाठ्यांची, उथळ पाण्यात चालणारी आणि नाळेवर तोफा असलेली. गलबते त्याहून लहान. त्यांना शिडे असत आणि चाळीस-पन्नास वल्हीही. वारा पडला की इंग्रजांचे मोठे जहाज जागीच डुलत राही. मग गलबते वल्ही मारीत गुराबांना दोरखंडाने ओढून त्याच्या पाठीमागे आणीत. त्या बाजूला शत्रूच्या तोफा थोड्या. तेथून मारा करून शिडे आणि डोलकाठ्या मोडल्या, की गलबतांवरील माणसे चढाई करीत. संकट अंगावर आले तर ही हलकी जहाजे खाडीत शिरत आणि वरून किल्ल्याच्या तोफा त्यांचे रक्षण करीत. आपला किनारा आणि आपले वारे ओळखून उभारलेले असे ते शास्त्र होते. युरोपियन गोलंदाज चाकरीस ठेवण्यातही कान्होजींना कमीपणा वाटला नाही.

आता खरा वाद येतो. इंग्रजांच्या पुस्तकांतून कान्होजी हे चाचे म्हणून येतात. त्यांचा अपराध काय? आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजाने जकात देऊन दस्तक घ्यावे, न घेतल्यास जहाज जप्त होईल, असा त्यांचा दंडक होता. परंतु हीच रीत पोर्तुगीजांनी शे-दोनशे वर्षे याच समुद्रात चालविली होती आणि इंग्रजही आपले परवाने देत होते. परक्याने घेतला तो कायदा आणि भूमिपुत्राने मागितली ती चाचेगिरी, हा न्याय मला पटत नाही. मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. दस्तकाच्या या कारभारात गरीब-श्रीमंत व्यापाऱ्यांची जहाजे पकडली जात, माणसे ओलीस राहत आणि खंडणी घेऊन सुटत. 1712 मध्ये मुंबईच्या गव्हर्नराचे जहाज पकडले गेले, त्या झटापटीत कारवारच्या वखारीचा प्रमुख ठार झाला. त्याच्या तरुण विधवेला कुलाब्यास ठेवून तीस हजार रुपये घेतल्यावर सोडण्यात आले. आपल्या थोर पुरुषांना देव्हाऱ्यात बसविताना हेही विसरू नये.

घरच्या राजकारणातही त्यांची कसोटी लागली. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर शाहू महाराज सुटून आले, तेव्हा कान्होजी ताराबाईंच्या पक्षात होते. शाहूंनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांच्यावर पाठविले; कान्होजींनी पेशव्यांनाच कैद केले! तेव्हा 1713 मध्ये बाळाजी विश्वनाथ नवे पेशवे झाले. त्यांनी तलवारीऐवजी शब्द वापरला. दोघांची समजूत पटली, कान्होजींनी शाहूंना छत्रपती मानले आणि त्यांच्याकडे दहा जलदुर्ग व सोळा डोंगरी किल्ले सरखेलीसह कायम झाले. रक्त न सांडता मराठी राज्याचे भूदल आणि जलदल एका धन्याखाली आले, ही त्या वर्षांतील सर्वांत मोठी कमाई होय.

त्याचे फळ लगेच दिसले. मुंबईचा गव्हर्नर बून याने 1717 मध्ये विजयदुर्गावर, 1718 मध्ये खांदेरीवर आणि 1720 मध्ये पुन्हा विजयदुर्गावर आरमार धाडले. तिन्ही वेळा हात हलवीत परतावे लागले. 1721 च्या अखेरीस तर इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र होऊन सुमारे सहा हजार फौजेनिशी कुलाब्यावर चालून आले. कान्होजींच्या मदतीला बाजीराव पेशव्यांचे सैन्य धावले. पोर्तुगीजांनी स्वतंत्र तह केला आणि इंग्रज मुंबईस परतले. 1724 मध्ये डचांनीही विजयदुर्गावर नशीब अजमावले, तेही व्यर्थ. 4 जुलै 1729 रोजी कान्होजींनी देह ठेवला, तेव्हा त्यांचा एकही मुख्य जलदुर्ग परक्यांच्या हाती पडलेला नव्हता.

येथे चरित्र संपते, परंतु माझ्या प्रश्नाचे उत्तर पुढे आहे. वडील मुलगा सेखोजी कर्तबगार होता, पण 1733 मध्येच तो गेला. मग संभाजी आणि मानाजी या भावांत वितुष्ट आले. 1735 मध्ये बाजीरावांनी वाटणी करून दिली : कुलाबा मानाजीकडे, विजयदुर्ग-सुवर्णदुर्ग संभाजीकडे. वाटणीने भांडण मिटले नाही. 1740 मध्ये संभाजी भावावर चालून गेला, तेव्हा मानाजीने पेशव्यांबरोबर इंग्रजांनाही मदतीला बोलाविले. ज्यांना बापाने आयुष्यभर उंबऱ्याबाहेर ठेवले, त्यांना मुलाने घरात घेतले.

जगाच्या दुसऱ्या टोकालाही अशीच कथा घडली होती. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांवर मॅकडॉनल्ड घराण्याची सत्ता वल्ह्यांच्या जहाजांवर उभी होती. तेथे पिता-पुत्रांचेच आरमारी युद्ध झाले आणि 1493 मध्ये स्कॉटलंडच्या राजाने त्यांचे बेटांवरील राज्य खालसा केले. म्हणजे भाऊबंदकी ही काही मराठी मातीचीच मिरास नव्हे.

संभाजीनंतर तुळाजी आला. तो शूर होता, पण त्याचे आणि नानासाहेब पेशव्यांचे हाडवैर झाले. पेशव्यांनी इंग्रजांशी करार केला. 1755 मध्ये सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी 1756 मध्ये वॉटसन आणि क्लाईव्ह विजयदुर्गावर आले आणि बंदरात नांगरलेले आंग्र्यांचे आरमार जळून खाक झाले. पुढच्याच वर्षी हेच दोघे बंगालच्या मोहिमेत होते आणि प्लासी झाली. कुलाब्याची धाकटी पाती 1840 पर्यंत टिकली, मग तेही संस्थान इंग्रजांनी खालसा केले.

विजयदुर्गापासून असईपर्यंत सत्तेचाळीस वर्षे. मध्ये अनेक कारणे घडली, हे मी जाणतो. तरीही समुद्राचे दार आपणच आतून उघडले, हे नाकारता येत नाही. आजोबा आज असते तर त्यांना हे उत्तर दिले असते. ते कदाचित हसले असते. कारण आमच्या घरीही पूर्णाकाठच्या दोन एकरांसाठी वडील आणि चुलते सहा वर्षे बोलत नव्हते, आणि त्या सहा वर्षांत बांधावरची विहीर कोणीच उपसली नाही.

आज मुंबईत भारतीय नौदलाचे एक ठाणे आंग्रे हे नाव मिरवते, आणि खांदेरीच्या दीपगृहालाही कान्होजींचे नाव आहे. मला त्या नावांचा अभिमान वाटतो. पण सहलीहून परतल्यावर मी प्रथम काकांच्या घरी गेलो आणि किल्ल्यातून आणलेला शंख त्यांच्या हाती ठेवला. यंदा विहिरीचा गाळ दोन्ही घरांनी मिळून काढला.