दोनदा सगळं सोडणारा कवी : रेव्हरंड टिळक

टिळक म्हटलं की डोळ्यांसमोर पगडी आणि ‘केसरी’ येतो. पण रत्नागिरी जिल्ह्यानेच महाराष्ट्राला आणखी एक टिळक दिले, नारायण वामन टिळक. ‘केवढे हे क्रौर्य’ ही पक्षिणीची कविता ज्यांनी शाळेत पाठ केली असेल त्यांना हे नाव ओळखीचं वाटेल. फुलामुलांचे कवी म्हणूनही त्यांना ओळखतात. त्यांच्या नावाआधी ‘रेव्हरंड’ का लागतं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. आपल्या हॉस्टेलवर प्लेसमेंट आणि पॅकेज सोडून दुसरा विषय नसतो. म्हणून म्हटलं, मिळालेलं सगळं दोनदा सोडून देणाऱ्या या माणसाची गोष्ट सांगावी.

त्यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. आई जानकीबाई लहानपणीच गेली. वडील तापट. मुलगा घर सोडून नाशिकला आला आणि तिथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकला. इंग्रजी शाळेतलं शिक्षण मात्र अर्धवटच राहिलं. पण स्मरणशक्ती दांडगी, बोलणं रसाळ आणि कविता तर जिभेवर. पुढे जलालपूरच्या गोखल्यांच्या मुलीशी लग्न झालं. मनकर्णिका सासरी आल्यावर लक्ष्मी झाली.

लग्न झालं तरी टिळकांचं बस्तान कुठे बसेना. मास्तरकी कर, कीर्तन कर, गाव बदल, असं चाललं होतं. हातात पैसा आला की दुसऱ्याला देऊन मोकळे. शेवटी नागपूरला श्रीमंत अप्पासाहेब बुटी यांच्याकडे संस्कृत ग्रंथांचं काम मिळालं. पंडित म्हणून मान मिळू लागला. आता सगळं सुरळीत होणार असं घरच्यांना वाटलं असेल. पण टिळकांच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. माणसामाणसांत जातीच्या भिंती असताना हा देश उभा कसा राहणार, हा प्रश्न त्यांना सोडत नव्हता. सगळ्यांना एका पातळीवर आणणारा धर्म कुठला, याचा ते स्वतःच विचार करत होते.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. गप्पा कवितेवरून धर्मावर आल्या. उतरायच्या आधी त्या गृहस्थांनी टिळकांच्या हातात ‘नवा करार’ ठेवला आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. टिळकांना त्यात विशेष काही वाटलं नाही. पण पुस्तक वाचायचं कबूल केलं होतं, म्हणून वाचायला घेतलं. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथेच अडकले. शत्रूवर प्रेम करायला सांगणारी ती पानं त्यांना पुढे जाऊ देईनात. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. भाकीत खरं ठरलं.

हे पहिलं सोडणं. नोकरी गेली, पंडित म्हणून मिळणारा मान गेला, नातेवाईकांनी पाठ फिरवली. त्या काळात ब्राह्मणाने ख्रिस्ती होणं म्हणजे घरच्यांच्या लेखी तो मेल्यासारखाच. पण इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. हा निर्णय टिळकांचा एकट्याचा होता, त्याची किंमत मात्र एकट्याने चुकवली नाही. लक्ष्मीबाईंना आधी विश्वासात घेतलेलं नव्हतं. लहान मुलगा दत्तूला घेऊन त्या नातेवाईकांच्या आधाराने राहिल्या. नवरा जिवंत, पण घर नाही. लोकांची बोलणी वेगळीच. महापुरुषांच्या चरित्रांत त्यागाची पानं भरपूर असतात, पण तो त्याग निमूटपणे सोसणाऱ्या माणसांना त्यात एखादी ओळ मिळते. इथे तसं झालं नाही, कारण लक्ष्मीबाईंनी पुढे ते सगळं स्वतःच लिहून ठेवलं.

चार-पाच वर्षांनी त्या मुलाला घेऊन टिळकांकडे राहायला आल्या. आल्या त्या सोवळं घेऊनच. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. टिळकांनी धर्म बदलायची सक्ती केली नाही. हळूहळू लक्ष्मीबाईंनाच जातीचा आणि विटाळाचा अर्थ लागेनासा झाला, आणि १९०० साली त्यांनी आपल्या विचाराने बाप्तिस्मा घेतला.

टिळक अहमदनगरला (आजचं अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करू लागले. पाळक होणाऱ्या मुलांना शिकवत. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि ते रेव्हरंड झाले. कविता थांबली नाही, उलट बहरली. नगरच्या त्यांच्या घरात त्र्यंबक बापूजी ठोंबरे हा तरुण मुलासारखा राहत असे. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्यालाच ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचं संपादनही टिळकांकडे आलं.

कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या आमच्यासारख्यांनी प्रार्थना ऐकल्या त्या इंग्रजीतच. टिळकांचं काम कळलं की म्हणून जास्तच नवल वाटतं. त्या वेळी चर्चमध्ये परदेशी चालीवर बेतलेली गीतं म्हणत. टिळकांनी येशूला अभंगात आणलं, भजनात आणलं, कीर्तनात उभं केलं. आपण ज्ञानोबा-तुकोबांच्या पुलावरून येशूपर्यंत आलो, असंच ते मानत. धर्म बदलला तरी भाषा आणि देश सोडायची गरज नाही, हे त्यांनी करून दाखवलं. मराठी चर्चमध्ये त्यांची पदं आजही म्हणतात.

आपल्या भागात मिशन म्हटलं की १८५२ साली कोल्हापुरात आलेले वायल्डरसाहेब किंवा मिरजेचे डॉ. वानलेस आठवतात. शाळा, दवाखाने उभे राहिले, त्याचा फायदा आपण पिढ्यान्‌पिढ्या घेतला. पण या कामाला पैसा आणि माणसं बाहेरून येत, त्यामुळे ख्रिस्ती धर्म म्हणजे साहेबाचा धर्म, हा समज पक्का होत गेला. टिळकांना हेच खुपत होतं. मिशनच्या पगारावर असलेल्या माणसाने येशू आपला आहे म्हणून सांगितलं तर लोक ऐकणार किती? शेवटी १९१७ साली वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी मिशनचा पगारही सोडला आणि संन्याशासारखं राहायचं ठरवलं. ज्या नोकरीसाठी एवढं सोसलं तीच सोडली! हे दुसरं सोडणं.

या वेळी ते आले साताऱ्याला. कोल्हापूरहून पुण्याला जाताना आपण ज्या साताऱ्यावरून पुढे निघून जातो, तिथेच त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, येशूच्या मागे चालायची इच्छा असलेल्या कुणालाही तिथे जागा होती. चर्चमधल्या काही लोकांना हे रुचलं नाही. पण दरबार वाढवायला टिळकांना वेळच मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. त्यांच्यामागे दरबारही फार टिकला नाही.

येशूचं चरित्र ओवीबद्ध करायला घेतलेलं ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या हातून अर्धंही झालं नव्हतं. ते पुढे नेलं लक्ष्मीबाईंनी. ज्या बाईला शाळा माहीत नव्हती आणि नवऱ्यानेच अक्षरओळख करून दिली, तिने त्या महाकाव्याचे साठाहून जास्त अध्याय रचले. ‘स्मृतिचित्रे’ हे तिचं आत्मचरित्र १९३४ पासून प्रसिद्ध झालं आणि आज त्याची गणना मराठीतल्या सर्वोत्तम पुस्तकांत होते. नवऱ्याचा मोठेपणा तिने लिहिला आणि त्याचा विक्षिप्तपणाही लिहिला, तोही हसत हसत.

मित्रमैत्रिणींनो, टिळकांसारखं सगळं सोडा असं सांगायचा माझा मुळीच विचार नाही. घरी कर्जाचे हप्ते असतात, आईवडिलांच्या अपेक्षा असतात. पण आपल्यापैकी कुणीतरी उद्या नोकरी सोडून एखाद्या खेड्यात शिकवायला जाईल, कुणी नाटकात जाईल, कुणी चर्चमध्ये किंवा आश्रमात. त्याने टिळकांचं धाडस जरूर घ्यावं. फक्त १८९५ साली टिळकांनी जे केलं नाही तेवढं करावं. निघण्याआधी घरच्यांशी बसून बोलावं. आणि ‘स्मृतिचित्रे’ आपल्या लायब्ररीत मिळालं तर परीक्षा संपल्यावर नक्की वाचा.