एका पंक्तीचे वसतिगृह

भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी झाला. त्या काळी खेड्यांतील गोरगरिबांच्या, विशेषतः अस्पृश्य मानलेल्या जातींच्या, मुलांना शिक्षण दुर्लभ होते. त्यांना विद्या मिळावी म्हणून भाऊरावांनी १९१९ साली कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली.

१९२४ साली त्यांनी साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत. तीच स्वयंपाक करीत, भांडी घाशीत आणि एकाच पंक्तीला बसून जेवत. जेव्हा एका विहिरीवर पाणी भरण्याचीही सर्वांना मुभा नव्हती, तेव्हा ही गोष्ट लहान नव्हती.

मुले वाढली, पैसा अपुरा पडू लागला. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने एकेक करून विकले. शेवटी मुले उपाशी राहू नयेत म्हणून त्यांनी मंगळसूत्रही दिले. सर्व जातींच्या मुलांच्या त्या आई झाल्या. १९३० साली त्या निवर्तल्या. पण वसतिगृहातील चूल विझली नाही.

१९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. तेथे गरीब विद्यार्थी श्रम करून शिकू लागले. त्यामुळे कोणाला कोणाचे मिंधे व्हावे लागले नाही.

९ मे १९५९ रोजी भाऊरावांचे देहावसान झाले. लोक त्यांना कर्मवीर म्हणतात. त्यांच्या संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष आहे. वडाच्या सावलीत येणाऱ्याला कोणी जात विचारीत नाही.