विस्कटलेली घडी पुन्हा बसवताना : श्रीमाँ सारदादेवींचे जीवन



घरात मोठे आजारपण होऊन गेले, जवळचे कोणी गेले किंवा अचानक गाव सोडावे लागले, की सर्वांत आधी मोडते ती आपली दिनचर्या. पहाटेचा गजर बंद होतो. देवघरातील निरांजन दोन-दोन दिवस लागत नाही. स्वयंपाक कसाबसा उरकला जातो आणि जपाची माळ पिशवीतून बाहेर येत नाही. मन सांगत राहते, अजून थोडे स्थिर होऊ दे, मग पुन्हा सुरू करू. ते स्थिर होणे मात्र येता येत नाही. तुमच्या घरी आज असे काही घडले असेल, तर श्रीमाँ सारदादेवींच्या आयुष्यातील एक कठीण काळ तुम्ही जरूर आठवावा.

श्रीमाँचा जन्म २२ डिसेंबर १८५३ रोजी बंगालमधील जयरामवाटी या खेड्यात झाला. बालपणीच त्यांचा विवाह श्रीरामकृष्णांशी झाला. १८७२ मध्ये त्या दक्षिणेश्वरला आल्या आणि पुढे बरीच वर्षे नौबतखान्याच्या खालच्या चिमुकल्या खोलीत राहिल्या. तीच त्यांची झोपायची जागा, तेच कोठार. शिधा, भांडी, टांगलेली शिंकी, सारे तिथेच. पहाटे तीनच्या सुमारास, कोणी उठायच्या आत, त्यांचे गंगास्नान होई. मग जप-ध्यान. त्यानंतर ठाकुरांच्या नाजूक प्रकृतीला मानवेल असा स्वयंपाक, वृद्ध सासूबाईंची सेवा, येणाऱ्या भक्तांचे जेवण, विडे लावणे. दिवस असा काठोकाठ भरलेला असे आणि त्याच्या केंद्रस्थानी ठाकूर होते.

१८८५ मध्ये ठाकुरांना घशाचा असाध्य आजार झाला. उपचारासाठी त्यांना आधी श्यामपुकुरच्या घरी आणि नंतर काशीपूरच्या बागेत हलवावे लागले. श्यामपुकुरला श्रीमाँना स्वतंत्र जागा नव्हती. गच्चीच्या जिन्याजवळच्या लहानशा जागेत त्या दिवस काढत आणि पथ्याचे अन्न शिजवत. १६ ऑगस्ट १८८६ रोजी ठाकुरांनी महासमाधी घेतली. तेव्हा श्रीमाँ अवघ्या ३२ वर्षांच्या होत्या. ज्यांच्यासाठी पहाटे चूल पेटायची, तेच आता देहाने नव्हते.

इथे एक गोष्ट नीट पाहा. श्रीमाँनी दुःख झाकून लगेच कामाला जुंपून घेतले नाही. महिना संपण्याआधीच त्या काही भक्तांसह तीर्थयात्रेला निघाल्या. काशी, अयोध्या करून वृंदावनला पोहोचल्या आणि तिथे जवळजवळ वर्षभर राहिल्या. सुरुवातीला त्यांना फार रडू येत असे. हळूहळू जप, ध्यान आणि मंदिरांतील दर्शन यांत मन निवत गेले.

१८८७ मध्ये त्या ठाकुरांच्या गावी, कामारपुकुरला परतल्या. हातात इतके थोडे पैसे होते की बर्दवानपासून वाटेचा काही भाग पायी चालावा लागला. दक्षिणेश्वर मंदिराकडून त्यांना महिन्याला ७ रुपये मिळत असत, तेही बंद झाले. कोणापुढे हात पसरू नये, ही ठाकुरांची शिकवण होती. त्यात गावात कुजबूज सुरू झाली, कारण ठाकुरांचे दर्शन झाल्यामुळे श्रीमाँनी हातातील कंकणे उतरवली नव्हती. घर रिकामे, पैसा नाही, बोलायला जवळचे माणूस नाही आणि गंगास्नानही नाही.

मग त्यांनी काय केले? हातात कुदळ घेतली. घराजवळची जमीन खणली आणि पालेभाजी लावली. भात शिजवला, भाजी शिजवली, ठाकुरांना नैवेद्य दाखवला आणि प्रसाद म्हणून तेच खाल्ले. कधी कधी मीठसुद्धा नसे. तरी नैवेद्य चुकला नाही. आपली ही अवस्था त्यांनी शिष्यांना कळवली नाही. पुढे ती इतरांकडून कलकत्त्यातील भक्तांच्या कानावर गेली, तेव्हा ते व्याकूळ झाले आणि १८८८ मध्ये त्यांना कलकत्त्याला घेऊन आले.

दक्षिणेश्वरच्या आणि कामारपुकुरच्या दिवसांत वरवर पाहता काहीच साम्य नाही. तिथे माणसांची वर्दळ होती, इथे एकटेपण. पण स्वयंपाक ज्यांच्यासाठी होत होता, ते बदलले नव्हते. आधी ताट समोर नेऊन ठेवायचे, आता नैवेद्य म्हणून अर्पण करायचे. म्हणूनच एका माणसापुरता भात शिजवण्याचा त्यांना कंटाळा आला नाही. आपले नेमके इथे अडते. घरातील कोणी गेले की वाटते, आता कोणासाठी करायचे? एकटीसाठी कशाला कुकर लावायचा? ज्या दिवशी ते ताट देवापुढे ठेवले जाते, त्या दिवसापासून स्वयंपाक एकटीसाठी राहत नाही.

पुढेही त्यांच्या वाट्याला निवांत आयुष्य आले नाही. धाकटा भाऊ अकाली गेला, वहिनीचे मानसिक संतुलन ढळले आणि छोट्या राधूला श्रीमाँनीच वाढवले. १९०९ मध्ये कलकत्त्यात बागबाजारला त्यांच्यासाठी घर झाले. मग कधी तिथे, तर कधी जयरामवाटीला त्यांचा मुक्काम असे. जागा बदलली तरी पहाटेचे उठणे, जप, पूजा, भाजी चिरणे, विडे लावणे आणि आलेल्या प्रत्येकाला पोटभर जेवू घालणे हा क्रम प्रकृतीने साथ दिली तोवर चालू राहिला. जुलै १९२० मध्ये त्यांनी देह ठेवला.

साधकांनो, तुमची घडी विस्कटली असेल तर आधी स्वतःला थोडा वेळ द्या. श्रीमाँनीही वृंदावनात तो घेतला होता. पण सगळे पूर्ववत होण्याची वाट पाहत बसू नका. पूर्वीची पूर्ण दिनचर्या एकाच दिवशी परत आणण्याचा हट्टही नको. उद्या सकाळी एकच गोष्ट करा. निरांजन लावा, किंवा एक माळ जप करा, किंवा साधा वरण-भात शिजवून त्याचा नैवेद्य दाखवा आणि मग शांतपणे जेवा. परवा पुन्हा तेवढेच करा. ते हाताला वळण पडले की त्याला दुसरी गोष्ट जोडा.

कामारपुकुरच्या अंगणातही सुरुवात जमिनीच्या एवढ्याशा तुकड्यापासूनच झाली होती. श्रीमाँच्या चरणी प्रार्थना करूया, की आपल्यालाही तेवढे बळ मिळो.